लिनक्सवर ॲप कोणत्या फॉरमॅटमध्ये घ्यावं: डेब, आरपीएम, फ्लॅटपॅक, स्नॅप की ॲपइमेज

एकाच ॲपच्या डाउनलोड पानावर चार-पाच बटणं असतात आणि निवडताना बहुतेक जण फाइलचा आकार बघतात, नाहीतर ॲप किती पटकन उघडतं ते. या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. खरे प्रश्न वेगळे. पहिला: ॲपसोबत येणाऱ्या एखाद्या लायब्ररीत (अनेक ॲप्स वापरतात अशा तयार कोडच्या संचात) सुरक्षेचं भगदाड सापडलं, तर ते कोण बुजवणार आणि ती दुरुस्ती तुमच्या मशीनवर कुठल्या वाटेने येणार? दुसरा: या ॲपला स्वतःच्या बाहेर कशाकशाला हात लावावा लागतो? यांची उत्तरं प्रत्येक ॲपसाठी निराळी येतात. म्हणून 'मी सगळं फ्लॅटपॅकच वापरणार' किंवा 'स्नॅपला हातही लावणार नाही' असा सरसकट नियम करण्यापेक्षा एकेका ॲपचा निर्णय वेगळा घ्यावा.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी मशीनवर काय आहे ते पाहा

'स्नॅप लिस्ट' आणि 'फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप' या दोन कमांड चालवा. एकच ॲप दोन फॉरमॅटमध्ये बसलेलं असणं ही गोंधळाची सर्वांत नेहमीची जागा आहे. मेनूत एकसारखी दोन चिन्हं दिसतात, एकात केलेली सेटिंग दुसऱ्यात सापडत नाहीत, आणि माणूस म्हणतो 'माझे बुकमार्क उडाले'. ते उडालेले नसतात, दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात.

उबुंटूवर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटलं तरी येतो तो स्नॅप. रिपॉझिटरीतलं (उबुंटूच्या पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातलं) डेब पॅकेज नावापुरतं असतं, ते स्नॅप बसवून मोकळं होतं. क्रोमियमचंही तेच, आणि २४.०४ पासून थंडरबर्डचंही. 'ॲप्ट पॉलिसी फायरफॉक्स' चालवून आवृत्तीच्या ओळीत '१स्नॅप१' अशी अक्षरं दिसली की समजायचं.

डेब आणि आरपीएम

डेब हा डेबियन-उबुंटू घराण्याचा फॉरमॅट, आरपीएम फेडोरा घराण्याचा. डेब फाइल म्हणजे एक साधं अर्काइव्ह (अनेक फाइली एकत्र बांधलेली फाइल). आत तीन भाग: फॉरमॅटची आवृत्ती सांगणारी छोटी फाइल, माहिती आणि स्क्रिप्ट असलेला कंट्रोल भाग, आणि प्रत्यक्ष फाइलींचा डेटा भाग. आरपीएमची बांधणी वेगळी असली तरी तत्त्व तेच. या फॉरमॅटची ताकद अशी की लायब्ररी सामायिक असतात. ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीत दोष सापडला की डिस्ट्रोची (उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या संचाची) सुरक्षा टीम ते एक पॅकेज दुरुस्त करते, तुम्ही एकदा अपडेट करता आणि ती लायब्ररी वापरणारी सगळी ॲप्स पुन्हा सुरू केली की सुरक्षित होतात. बाकीच्या तिन्ही फॉरमॅटमध्ये हे इतकं सरळ नाही.

कमजोरी त्याच्याच पोटात आहे. कंट्रोल भागातल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतात, बसवताना आणि काढतानाही. त्यामुळे वेबसाइटवरून उतरवलेली डेब फाइल बसवणं म्हणजे ती बनवणाऱ्याच्या हाती पूर्ण मशीन देणं. आत काय आहे ते आधी पाहता येतं: 'डीपीकेजी-डेब --इन्फो' ने माहिती आणि स्क्रिप्टची यादी, '--कन्टेन्ट्स' ने फाइलींची यादी. आरपीएमसाठी 'आरपीएम -क्यूपी --स्क्रिप्ट्स' स्क्रिप्टचा मजकूरच समोर ठेवते.

उतरवलेली फाइल 'डीपीकेजी -आय' ने बसवू नका. ती कमांड डिपेन्डन्सी (ॲपला लागणारी इतर पॅकेजेस) आणत नाही, पॅकेज अर्धवट लटकतं आणि मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' करत बसावं लागतं. त्याऐवजी फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन 'ॲप्ट इन्स्टॉल' पुढे टिंब, तिरकी रेघ आणि मग फाइलचं नाव द्या. टिंब-रेघ विसरलात तर ॲप्ट ते नाव रिपॉझिटरीत शोधतं आणि सापडत नाही म्हणून सांगतं. पहिल्या फेरीला '--सिम्युलेट' जोडा. काहीही न बसवता काय काय होणार याची यादी मिळते. तिच्यात 'काढली जाणारी पॅकेजेस' हा भाग नीट वाचा. तिथे डेस्कटॉपशी संबंधित नावं दिसली तर तिथेच थांबा. फेडोरावर 'डीएनएफ इन्स्टॉल' ला टिंब-रेघेसह फाइल द्यायची. काही बिनसलंच तर 'डीएनएफ हिस्टरी अनडू' ने तो व्यवहार मागे फिरवता येतो.

डेबच्या दोन जातींत फरक करा. गूगल क्रोम किंवा व्हीएस कोडची डेब फाइल बसताना कंपनीची रिपॉझिटरीही जोडू शकते, म्हणजे पुढची अपडेट नेहमीच्या अपडेटसोबत येत राहतात. याउलट जी डेब फाइल कुठलीही रिपॉझिटरी जोडत नाही, ती बसवलेल्या दिवशीच गोठते. रूटचे अधिकार घेऊन बसलेलं आणि कधीच अपडेट न होणारं ॲप ही या सगळ्या फॉरमॅटमधली सर्वांत वाईट अवस्था. अशा वेळी त्याच ॲपचा फ्लॅटपॅक मिळत असेल तर तो घ्या.

उबुंटूसाठी बनवलेली डेब डेबियनवर बसेलच असं नाही, कारण लायब्ररींच्या आवृत्त्या आणि कधीकधी पॅकेजची नावंही वेगळी असतात. बसत नसेल तर जबरदस्ती करणारे पर्याय वापरू नका, आणि दुसऱ्या डिस्ट्रोची रिपॉझिटरी तर मुळीच जोडू नका. आज ॲप चालेल, पुढच्या मोठ्या अपडेटला मशीन अडेल.

फ्लॅटपॅक

फ्लॅटपॅक आधी एक्सडीजी-ॲप या नावाने चालायचं, २०१६ मध्ये सध्याचं नाव मिळालं. ॲप थेट डिस्ट्रोच्या लायब्ररींवर उभं नसतं, ते एका रनटाइमवर (लायब्ररींच्या तयार सामायिक संचावर) उभं असतं: फ्रीडेस्कटॉप, ग्नोम किंवा केडीई. बबलरॅप नावाचं साधन त्याभोवती सँडबॉक्स (ॲपला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) उभा करतं. पहिलं ॲप घेताना रनटाइमसकट शेकडो एमबी उतरतात आणि लोक दचकतात. त्याच रनटाइमवरचं दुसरं ॲप घेतलं की फक्त ॲपचा भाग उतरतो, आणि वेगवेगळ्या रनटाइममध्ये सारख्या असलेल्या फाइली ओएसट्री हे फ्लॅटपॅकचं साठवणीचं साधन डिस्कवर एकदाच ठेवतं. एकच ॲप हवं असेल तर फ्लॅटपॅक महाग पडतं, दहा असतील तर नाही.

सुरक्षेची दुरुस्ती दोन वाटांनी येते. रनटाइममधली लायब्ररी रनटाइमची टीम दुरुस्त करते. ॲपने स्वतःसोबत आणलेली लायब्ररी मात्र त्या ॲपचा सांभाळ करणाऱ्यालाच दुरुस्त करावी लागते. फ्रीडेस्कटॉप रनटाइमची नवी आवृत्ती दर वर्षी ऑगस्टमध्ये येते (२३.०८, २४.०८ अशी नावं असतात) आणि साधारण दोन वर्षं सांभाळली जाते. 'फ्लॅटपॅक अपडेट' करताना एखाद्या रनटाइमची मुदत संपल्याचा इशारा दिसला, तर त्याचा अर्थ असा: ॲप चालत राहील, पण त्याच्या पायातल्या लायब्ररींना आता दुरुस्ती मिळणार नाही. 'फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप --कॉलम्स=ॲप्लिकेशन,रनटाइम' ने कुठलं ॲप कशावर उभं आहे ते दिसतं. एकच ॲप जुन्या रनटाइमवर अडकलं असेल तर तेच बदलण्याचा विचार करा.

सँडबॉक्स आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो किती घट्ट आहे ते परवानग्यांवर ठरतं. 'फ्लॅटपॅक इन्फो --शो-परमिशन्स' आणि ॲपचा आयडी द्या. 'फाइलसिस्टम्स' पुढे 'होम' किंवा 'होस्ट' लिहिलं असेल तर ॲप तुमच्या शेलची सुरुवातीची (टर्मिनल उघडताच आपोआप चालणारी) फाइलही बदलू शकतं, म्हणजे बाहेर पडायची वाट मोकळी आहे. 'सॉकेट्स' पुढे नुसतं 'एक्स११' (खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) असेल तर ते ॲप एक्स११ वरच्या इतर खिडक्यांमधलं टायपिंगही टिपू शकतं. परवानग्या कमी करायला फ्लॅटसील हे ॲप सोपं आहे. टर्मिनलमधून करायचं तर 'फ्लॅटपॅक ओव्हरराइड --यूजर --नोफाइलसिस्टम=होम' आणि आयडी. बदल ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्यावरच लागू होतो. बिघडलं तर 'ओव्हरराइड --यूजर --रिसेट'.

आता नेहमी भेटणारी एक अडचण जवळून पाहू. व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्रपट उघडला, चालला, पण शेजारीच ठेवलेली सबटायटलची फाइल दिसतच नाही. किंवा ब्राउझरमध्ये एचटीएमएल फाइल उघडली आणि सगळी चित्रं गायब. प्लेअर बिघडलेला नसतो. फोल्डर वाचायची परवानगी नसलेल्या ॲपला तुम्ही 'फाइल उघडा' खिडकीतून फाइल देता, तेव्हा पोर्टल (सँडबॉक्सबाहेरचा मध्यस्थ) त्याला फक्त तेवढी एक फाइल दाखवतं, तीही 'रन' फोल्डरखालच्या 'डॉक' नावाच्या तात्पुरत्या वाटेने. शेजारच्या फाइली त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतात. खिडकीच्या मथळ्यात किंवा फाइलच्या माहितीत ती विचित्र वाट दिसली की निदान पक्कं. उपाय म्हणजे त्या फोल्डरची फक्त वाचायची परवानगी द्यायची: 'ओव्हरराइड --यूजर --फाइलसिस्टम=एक्सडीजी-व्हिडिओज:आरओ'. शेवटचं 'आरओ' विसरू नका, नाहीतर ॲपला लिहायचीही परवानगी मिळते. सगळं होम फोल्डर उघडून देणं हा आळशी उपाय आहे, तो टाळा.

दुसरी अडचण एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाची. सँडबॉक्समध्ये मशीनचा ड्रायव्हर तसाच दिसत नाही, फ्लॅटपॅक त्याची वेगळी प्रत उतरवतं आणि तिची आवृत्ती कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. डिस्ट्रोच्या अपडेटने ड्रायव्हर बदलला आणि फ्लॅटपॅक अपडेट राहिलं, की थ्रीडी ॲप अचानक रखडायला लागतं किंवा उघडतच नाही. रीस्टार्ट करा, 'फ्लॅटपॅक अपडेट' चालवा, नव्वद टक्के वेळा एवढंच लागतं. जुन्या ड्रायव्हरच्या प्रती आणि रिकामे पडलेले रनटाइम 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' ने निघतात.

फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या मुख्य स्टोअरवर ॲपच्या नावापाशी पडताळणीची खूण आहे का पाहा. खूण नसेल तर ते पॅकेज मूळ लेखकाने नव्हे, तिसऱ्या कुणीतरी बनवलेलं असू शकतं. त्यात वाईट काही असतंच असं नाही, पण बँकेचा किंवा पासवर्डचा मामला असेल तर खूण असलेलंच घ्या.

स्नॅप

उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचा स्नॅप म्हणजे दाबून बसवलेली, फक्त वाचता येणारी स्क्वॉशएफएस फाइल. ती लूप डिव्हाइस म्हणून माउंट होते, म्हणजे वेगळ्या डिस्कसारखी जोडली जाते. 'डीएफ' या डिस्कची जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये १०० टक्के भरलेल्या लूप डिव्हाइसची रांग दिसते ती यामुळे. ती फाइल वाढू शकतच नाही, तेव्हा १०० टक्के हेच तिचं योग्य माप. डिस्क भरल्याची ती खूण नाही.

अपडेट आपोआप होतात, दिवसातून चार वेळा तपासणी होते. पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे, कारण विसरायची सोयच नाही. काम ऐन रंगात असताना नको असेल तर 'स्नॅप रिफ्रेश --होल्ड=७२एच' आणि ॲपचं नाव द्या. मुदत लिहिली नाही तर अपडेट कायमचं थांबतं, म्हणून मुदत लिहाच. नवी आवृत्ती बिघडलेली निघाली तर 'स्नॅप रिव्हर्ट' ने आधीची परत येते, कारण जुनी आवृत्ती मशीनवर राखलेली असते. एवढ्या सोप्या मागे फिरण्याबद्दल स्नॅपला श्रेय द्यायलाच हवं.

तक्रारी बहुतेक दोनच असतात. पेनड्राइव्हवरची फाइल उघडत नाही: 'रिमूव्हेबल-मीडिया' हा इंटरफेस (परवानगीचा प्रकार) आपोआप जोडला जात नाही. 'स्नॅप कनेक्शन्स व्हीएलसी' ने काय जोडलं आहे ते पाहा, मग 'सुडो स्नॅप कनेक्ट व्हीएलसी:रिमूव्हेबल-मीडिया'. दुसरी, होम फोल्डरमधले टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर ॲपला वाचता येत नाहीत. हा दोष नाही, तुमच्या एसएसएच किल्ल्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) तिथेच असतात. फाइल साध्या फोल्डरमध्ये हलवा.

डिस्कची जागा दोन ठिकाणी जाते. राखलेल्या जुन्या आवृत्त्या हे एक ठिकाण. दुसरं असं की ॲप काढलं की त्याच्या डेटाची आपोआप प्रत घेतली जाते आणि ती ३१ दिवस राहते. 'स्नॅप सेव्ह्ड' ने यादी, 'स्नॅप फॉरगेट' ने सुटका. मुळातच नको असेल तर काढताना 'स्नॅप रिमूव्ह --पर्ज'.

स्नॅपचं कुंपण बऱ्याच अंशी ॲपआर्मर या ॲप्सना मर्यादा घालणाऱ्या व्यवस्थेवर टेकलेलं आहे. उबुंटूवर ते पूर्ण लागू होतं, फेडोरासारख्या एसईलिनक्स ही वेगळी व्यवस्था वापरणाऱ्या डिस्ट्रोवर अर्धवट. 'स्नॅप डीबग कन्फाइनमेंट' चालवा. 'पार्शल' असं उत्तर आलं तर स्नॅपच्या सुरक्षेवर विसंबू नका, फ्लॅटपॅक घ्या. '--क्लासिक' मागणाऱ्या स्नॅपला तर कुंपणच नसतं. स्टोअर एकच, कॅनॉनिकलचं, आणि त्याचा सर्व्हरकडचा कोड खुला नाही. या स्टोअरमध्ये क्रिप्टो वॉलेटच्या नावाखाली पैसे लुबाडणारी खोटी ॲप्स सापडलेली आहेत, तेव्हा 'स्नॅप इन्फो' मध्ये प्रकाशकाच्या नावापुढची खूण बघितल्याशिवाय पैशाशी संबंधित काहीही बसवू नका.

ॲपइमेज

एक फाइल, एक ॲप. बसवणं नाही, रूट नाही. फाइल होम फोल्डरमध्ये ठेवा, 'सीएचमॉड +एक्स' ने चालवायची परवानगी द्या, चालवा. काढायची तर फाइल पुसा (सेटिंग होममधल्या 'डॉट कॉन्फिग' मध्ये मागे राहतात, ती वेगळी पुसा).

'चालत नाही' याची चार कारणं. पहिलं, फ्यूज (फाइल डिस्कसारखी जोडून देणारी सोय). बऱ्याच ॲपइमेजना लिबफ्यूजची आवृत्ती २ लागते आणि उबुंटू २२.०४ पासून ती आधीपासून बसवलेली नसते. २२.०४ वर 'लिबफ्यूज२', २४.०४ वर 'लिबफ्यूज२टी६४' हे पॅकेज घ्या. नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज घेऊ नका: ते फ्यूज३ ला हटवतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. काहीच बसवायचं नसेल तर फाइलला '--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन' हा पर्याय देऊन चालवा.

दुसरं, फाइल फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर आहे. तिथे चालवण्याची परवानगी साठवायची सोयच नाही, म्हणून 'सीएचमॉड' केलं तरी 'परवानगी नाही' येतं. फाइल होममध्ये आणा. तिसरं, 'जीलिबसी'ची (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडली नाही असा संदेश. ॲप तुमच्यापेक्षा नव्या डिस्ट्रोवर बांधलं गेलंय. यावर तुमच्या बाजूने उपाय नाही. जुनी ॲपइमेज किंवा फ्लॅटपॅक शोधा, मशीनचं जीलिबसी बदलायच्या फंदात पडू नका.

चौथं कारण उबुंटू २४.०४ वरचं. इलेक्ट्रॉनवर (ब्राउझरचं इंजिन आत घेऊन ॲप बनवायच्या साधनावर) बनवलेली ॲप्स सँडबॉक्सची तक्रार करून बंद पडतात, कारण साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर (ॲपला स्वतःचा सँडबॉक्स उभारायला लागणाऱ्या सोयीवर) ॲपआर्मरचं बंधन आलंय. सगळीकडे '--नो-सँडबॉक्स' लावायचा सल्ला दिसेल. ब्राउझरचं इंजिन असलेल्या ॲपला हे करणं धोक्याचं आहे. त्या फाइलसाठी 'यूजरएनएस' परवानगी देणारी ॲपआर्मर प्रोफाइल लिहा, नाहीतर त्या ॲपचा दुसरा फॉरमॅट घ्या.

पहिल्या प्रश्नाला ॲपइमेजचं उत्तर सर्वांत कच्चं आहे. आतल्या लायब्ररी लेखकाने पुन्हा बांधल्या तरच दुरुस्त होतात, आणि नवी फाइल बहुधा तुम्हालाच जाऊन आणावी लागते. सही आत असली तरी चालवताना ती कुणी आपोआप तपासत नाही, म्हणून वेबसाइटवर दिलेला एसएचए२५६ आकडा (फाइलची ओळख पटवणारा ठसा) 'एसएचए२५६सम' ने ताडून पाहा. इंटरनेट नसलेलं मशीन, एखादी जुनी आवृत्ती तात्पुरती हवी असणं, नवी आवृत्ती चाखून बघणं, यांसाठी मात्र याच्यासारखी सोय नाही.

मग कशासाठी काय

व्हीपीएन, प्रिंटरचे ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स: डेब किंवा आरपीएमच. फ्लॅटपॅक आणि ॲपइमेजमधून कर्नल मॉड्यूल बसत नाही.

कोड एडिटर: डेब किंवा आरपीएम. फ्लॅटपॅकमधल्या एडिटरचं टर्मिनल सँडबॉक्सच्या आत उघडतं. तिथे तुमचा कंपायलर नाही, तुमचं पायथन नाही. 'फ्लॅटपॅक-स्पॉन --होस्ट' ने बाहेर येता येतं, पण रोज ते करणं वैताग आहे.

पासवर्ड मॅनेजर आणि ब्राउझर एकत्र ठरवा. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन बाहेरच्या प्रोग्रॅमशी थेट बोलतं, आणि सँडबॉक्स नेमकं तेच अडवतो. दोन्ही डेब असतील तर त्रास नाही. उबुंटूवर फायरफॉक्स डेब म्हणून हवा असेल तर मोझिलाची स्वतःची रिपॉझिटरी आहे. तिला ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये १००० प्राधान्य द्या, नाहीतर पुढच्या अपडेटला स्नॅपवाला परत येईल.

गिम्प, इंकस्केप, केडेनलाइव्ह यांसारखी मोठी ॲप्स, जिथे नवी आवृत्ती खरोखर उपयोगाची असते: फ्लॅटपॅक. मीटिंग आणि गप्पांची बंद स्रोताची ॲप्सही फ्लॅटपॅकमध्येच, आणि परवानग्या कापून.

फॉरमॅट बदलताना डेटा नेणं

फायरफॉक्सचं उदाहरण घेऊ, इतरांचीही रीत अशीच. डेबची प्रोफाइल सहसा होममधल्या 'डॉट मोझिला' खाली 'फायरफॉक्स' मध्ये असते. स्नॅपची 'स्नॅप' खाली 'फायरफॉक्स', 'कॉमन' आणि मग तसाच 'डॉट मोझिला'. फ्लॅटपॅकची 'डॉट व्हार' खाली 'ॲप', मग ॲपचा आयडी, मग तेच.

नवा फायरफॉक्स आधी एकदा उघडून बंद करा, म्हणजे फोल्डर तयार होतात. दोन्ही पूर्ण बंद आहेत याची खात्री करून जुना प्रोफाइल फोल्डर नव्या जागी कॉपी करा. कॉपीच, हलवू नका. मग ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' उघडा, नवी प्रोफाइल तयार करताना हा कॉपी केलेला फोल्डर निवडा आणि तिला डिफॉल्ट करा. ही पायरी लागतेच, कारण नव्या ठिकाणचा फायरफॉक्स स्वतःची रिकामी प्रोफाइल धरून बसलेला असतो.

फायरफॉक्सने 'तुम्ही जुनी आवृत्ती उघडली आहे' असं म्हणत प्रोफाइल नाकारली, तर नव्या फॉरमॅटमधली आवृत्ती खरंच मागची आहे. ती अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा, जबरदस्तीने उघडू नका, डेटाबेस बिघडू शकतो. बुकमार्क, पासवर्ड आणि एक्स्टेन्शन जागेवर दिसले, दोन-चार दिवस काम नीट झालं, की जुना फॉरमॅट काढा. डेब असेल तर 'ॲप्ट पर्ज'; तो होम फोल्डरला हात लावत नाही, तिथला जुना प्रोफाइल फोल्डर तुम्हालाच पुसावा लागेल. स्नॅप असेल तर पहिल्या वेळी '--पर्ज' शिवाय काढा, म्हणजे काही राहून गेलंच असेल तर ती ३१ दिवसांची प्रत हाताशी राहते.